पॅरिसचा करार, मुंबईची वीज आणि गावातले शेडनेट

हवामान परिषदेच्या बातम्या दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात येतात. मोठे सभागृह, मध्यरात्रीपर्यंत चाललेली घासाघीस, शेवटी टाळ्या. आपण वाचतो आणि पान उलटतो. तिथे ठरलेल्या गोष्टींचा आपल्या विजेच्या बिलाशी किंवा शेताच्या बांधाशी काही संबंध असेल, असे त्या बातमीवरून वाटत नाही. संबंध असतो, पण तो चार-पाच कार्यालयांतून फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो. ही वाट आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

वाटेत एकच प्रश्न हाताशी ठेवावा : शब्द कोणी दिला आणि तो पाळण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे? बहुतेक अडचणी या दोन उत्तरांमधल्या फटीत सापडतात.

आकडा कोण ठरवतो

सुरुवात १९९२ पासून करू. त्या वर्षी रिओच्या परिषदेत हवामान बदलावरचा मूळ करार देशांच्या सह्यांसाठी खुला झाला. पुढे १९९७ मध्ये क्योटोला श्रीमंत देशांसाठी उत्सर्जनाच्या मर्यादा ठरल्या. उत्सर्जन म्हणजे कोळसा, तेल, वायू जाळल्याने आणि इतर कारणांनी हवेत जाणारे, पृथ्वी तापवणारे वायू. ठरवून दिलेल्या मर्यादांची ही पद्धत फार टिकली नाही. अमेरिकेने क्योटोला मान्यता दिलीच नाही.

१२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये वेगळा मार्ग काढला गेला. भिशीत हप्ता सगळ्यांना सारखा असतो. पॅरिसच्या करारात प्रत्येक देश आपला हप्ता आपणच जाहीर करतो आणि दर पाच वर्षांनी तो वाढवून सांगणे अपेक्षित असते. या जाहीर केलेल्या हप्त्याला ‘राष्ट्रीय निर्धारित योगदान’ म्हणतात. आपण त्याला राष्ट्रीय वचन म्हणू.

भारताने वचनाचे कागद पॅरिसच्या आधीच, २ ऑक्टोबर २०१५ रोजी दिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते सुधारले. त्यातले दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला : २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी करणे. दुसरा : वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता कोळसा, तेल, वायू यांच्याशिवायची असणे. याखेरीज २०७० पर्यंत ‘निव्वळ शून्य’ गाठण्याची घोषणा २०२१ मध्ये ग्लासगोला झाली. निव्वळ शून्य म्हणजे जेवढे हवेत सोडायचे, तेवढेच झाडे, माती वगैरेंनी शोषून घ्यायचे.

या दोन्ही आकड्यांचा अर्थ लावताना हमखास गफलत होते. ‘तीव्रता’ म्हणजे देशाच्या उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयामागे होणारे उत्सर्जन. उत्पन्न भराभर वाढले तर तीव्रता उतरते, तरी एकूण धूर वाढतच राहू शकतो.

क्षमतेचेही तसेच. जून २०२५ अखेर भारताने ५० टक्क्यांची पायरी ओलांडली, मुदतीच्या पाच वर्षे आधी. बातमी खरी आहे. पण क्षमता म्हणजे यंत्र किती वीज देऊ शकते, ती प्रत्यक्षात किती देते ते नव्हे. सौर पॅनेल रात्री गप्प असते, कोळशाचा संच रात्रीही चालतो. त्यामुळे आपल्या घरात येणाऱ्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे.

आणखी एक गोष्ट. हे वचन भारताचे आहे, महाराष्ट्राचे किंवा नाशिकचे नाही. ४५ टक्क्यांपैकी कोणत्या राज्याने किती उचलायचे, याची वाटणी वचनात नाही. पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

दिल्ली ते मंत्रालय

परदेशाशी करार करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. तो करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयांवरही कायदा करू शकते, राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ नुसार. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतल्या निर्णयांचा आधार घेऊनच झाला.

हवामानाच्या बाबतीत मात्र दिल्लीने एका मोठ्या कायद्याऐवजी योजनांचा रस्ता धरला. जून २००८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला, त्यात सौरऊर्जा, पाणी, शेती अशी आठ अभियाने होती. पुढच्याच वर्षी राज्यांना आपापले आराखडे करायला सांगितले गेले. महाराष्ट्राचा आराखडा ‘टेरी’ या संस्थेच्या अभ्यासावर २०१४ मध्ये तयार झाला.

राज्यांना सोबत घेणे भागच होते, कारण शेती आणि पाणी हे राज्यांचे विषय आहेत, वीज आणि वने केंद्र-राज्य दोघांचे. दिल्लीने कितीही सुंदर आकडा लिहिला तरी कालव्याचे पाणी कधी सोडायचे हे पाटबंधारे खाते ठरवते.

मंत्रालयात या कामाला स्वतंत्र चेहरा २०२० मध्ये मिळाला. पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आले आणि २ ऑक्टोबरला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशा पाच सदरांत नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना गुण द्यायचे, वरच्या क्रमांकांना बक्षीस द्यायचे, अशी ही योजना. गुणांच्या स्पर्धेचा एक धोका असतो : मोजायला सोपे तेच काम आधी होते. झाडे लावली हे फोटोत दिसते. पाच वर्षांनी ती जगली का, हे बघायला कोणी जात नाही.

राज्ये आणि शहरे थेट परदेशातल्या राज्यांशी-शहरांशीही हात मिळवतात. ‘अंडर टू’ ही आघाडी २०१५ मध्ये कॅलिफोर्निया आणि जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने उभी केली. ग्लासगोच्या परिषदेच्या वेळी या आघाडीचा एक पुरस्कार महाराष्ट्राला मिळाला होता. असे गट म्हणजे आंतरराष्ट्रीय करार नव्हेत. शब्द मोडला म्हणून कोणी कोर्टात खेचत नाही.

मग त्यांचा उपयोग काय? अमेरिकेचे उदाहरण पाहा. जून २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पॅरिस करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि आपण पिट्सबर्गच्या लोकांचे प्रतिनिधित्व करायला निवडून आलो आहोत, पॅरिसच्या नव्हे, असे सुनावले. त्याच दिवशी पिट्सबर्गचे महापौर बिल पेडुटो यांनी जाहीर केले की आमचे शहर पॅरिसची दिशा सोडणार नाही. देश २०२० मध्ये बाहेर पडला, २०२१ मध्ये परत आला, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. या येण्या-जाण्यात शहरांची आणि राज्यांची कामे पुष्कळशी चालू राहिली, कारण इमारतींचे नियम आणि बसगाड्यांची खरेदी वॉशिंग्टनच्या हातात नव्हतीच.

मुंबईचा आराखडा आणि विजेची गाठ

आता शहरात उतरू. लंडनचे तेव्हाचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी २००५ मध्ये मोठ्या शहरांना एकत्र बोलावले. त्यातून ‘सी फॉर्टी’ हा गट झाला. मुंबई त्यात डिसेंबर २०२० मध्ये आली.

‘परदेशी गटात गेलो म्हणजे निधी आला’ हा समज इथे बाजूला ठेवावा. सी फॉर्टीकडून मुख्यतः मिळते ती पद्धत : उत्सर्जन कसे मोजायचे, आराखड्यात काय काय असायला हवे, इतर शहरांनी ते कसे केले. मुंबईच्या कामात ‘डब्ल्यूआरआय इंडिया’ या संस्थेचीही तांत्रिक मदत होती. गटारे, रस्ते, बसगाड्या यांचा खर्च मात्र पालिकेच्या तिजोरीतूनच करायचा.

पहिली पायरी मोजणीची. २०१९ साली मुंबईचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन निघाले. त्यातला ७० टक्क्यांहून जास्त भाग ऊर्जेचा, म्हणजे प्रामुख्याने घरे, दुकाने, कार्यालये यांत वापरलेल्या विजेचा. वाहतुकीचा सुमारे पाचवा हिस्सा, उरलेला कचऱ्याचा.

मोजताना नियम असा की वीज शहराबाहेर तयार झाली तरी ती जिथे वापरली, त्या शहराच्या खात्यावर धरायची. डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र पालघर जिल्ह्यात आहे. धूर तिथे निघतो, पण त्या विजेवर अंधेरीतला एसी चालला तर नोंद मुंबईच्या नावावर. डहाणूच्या माणसाला हा हिशेब न्याय्य वाटेल का, ते वेगळे. त्याच्या चिकूच्या बागेवर बसणारी राख या रकान्यात येत नाही.

आराखडा १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झाला. त्यानुसार २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के, आणि २०५० मध्ये निव्वळ शून्य. देशाच्या वीस वर्षे आधी. ऊर्जा व इमारती, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवेची गुणवत्ता, पूर व पाणी अशी त्याची सहा अंगे आहेत.

तारखेकडे जरा लक्ष द्या. नगरसेवकांची मुदत ७ मार्चला संपली होती. आराखडा आला तेव्हा सभागृह रिकामे होते आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. आपल्या वॉर्डात यातले काय झाले, हे विचारायला नागरिकांना नगरसेवकच नव्हता. माझ्या मते आराखड्याचे सर्वांत मोठे दुर्दैव हे. बाकीच्या त्रुटी कागदावर दुरुस्त होऊ शकतात.

आता ती विजेची गाठ. सर्वांत मोठा वाटा विजेचा, तर कोळशाची वीज घेणे थांबवायचे, इतके ते सरळ दिसते. पण मुंबईला वीज कोण देते? बेस्ट, टाटा, अदानी आणि मुलुंड-भांडुप भागात महावितरण. यातला बेस्ट उपक्रम तेवढा पालिकेचा. वीज कोणत्या दराने आणि कोणाकडून घ्यायची, या करारांना मंजुरी देतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. नियामक म्हणजे दर आणि अटी ठरवणारा पंच. तो पालिकेच्या हाताखाली नाही.

त्यातही तारांचा प्रश्न आहे. मुंबई तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली. बाहेरची वीज आत आणणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि नव्या टाकायला जागा नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तो दिवस पुष्कळांना आठवत असेल. अशा वेळी शहराला सावरण्यासाठी जवळची केंद्रे लागतात, म्हणून तुर्भ्याचे म्हणजे ट्रॉम्बेचे आणि डहाणूचे कोळशाचे संच चालू ठेवण्याकडे यंत्रणेचा कल राहतो. खारघर-विक्रोळी ही नवी उच्चदाब वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा कुठे बाहेरून वीज आणायला थोडी वाट मोकळी झाली. राजस्थानातल्या किंवा साताऱ्याच्या डोंगरावरच्या पवनचक्कीची वीज मुंबईत हवी असेल, तर आधी हा खांब आणि ती तार हवी.

थोडक्यात, शब्द पालिकेने दिला. तो पाळायचा तर वीज कंपन्या, आयोग, राज्याचे ऊर्जा खाते आणि पारेषण यंत्रणा अशा चार घरी जावे लागते. (पारेषण म्हणजे मोठ्या तारांतून लांबवर वीज नेणे.) यांपैकी कोणीही सी फॉर्टीचा सदस्य नाही.

पालिकेच्या हातात थेट काय आहे, हे बघायचे तर तिचे अंदाजपत्रक उघडावे. ओस्लो शहराने ‘हवामान अंदाजपत्रक’ ही पद्धत रूढ केली : प्रत्येक खर्चापुढे त्याने उत्सर्जन घटते का, पूर-उष्णतेपासून बचाव होतो का, याची नोंद करायची. मुंबईने जून २०२४ मध्ये पहिला असा अहवाल काढला. त्यात सुमारे १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे भांडवली खर्चाचा ३२ टक्क्यांच्या आसपासचा भाग, हवामानाशी निगडित ठरला.

हा आकडा वाचून ‘एवढा नवा पैसा?’ असे वाटू शकते. यातली मलजल प्रक्रिया किंवा पर्जन्यजल वाहिन्यांसारखी कामे पालिकेला एरवीही करायचीच असतात. अहवालाने त्यांवर खूण केली. खुणेचाही उपयोग आहे : पुढच्या वर्षी कोणत्या कामाला कात्री लागली, ते ओळीत शोधता येते.

पैसा कोणत्या वाटेने येतो

आतापर्यंत आपण प्रामुख्याने उत्सर्जन घटवण्याचे बोललो. दुसरी बाजू जुळवून घेण्याची : पाऊस बेभरवशाचा झाला, समुद्र आत येऊ लागला, तर जगायचे कसे. यासाठी पैसा देण्याचा शब्द श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला दिला होता : २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर. २०२४ मध्ये बाकूला नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. भारताच्या प्रतिनिधीने तिथेच तो अपुरा म्हणून नाकारला.

यातला काही पैसा ‘हरित हवामान निधी’तून येतो. त्याचे मुख्यालय दक्षिण कोरियात, इंचन शहरातल्या सोंगदोला आहे. देवगडच्या ग्रामपंचायतीने थेट तिथे अर्ज पाठवून चालत नाही. निधीने आधी पारखून मान्य केलेल्या संस्थेमार्फतच प्रस्ताव जावा लागतो, आणि देशाच्या पर्यावरण मंत्रालयाचे ‘हरकत नाही’ पत्र लागते. भारतात नाबार्डला अशी मान्यता आहे.

एक प्रस्ताव २०१८ मध्ये मंजूर झाला. आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यांसाठी सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलरचे अनुदान, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत. महाराष्ट्रात ते वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आले. तिवरे राखायची, आणि ती राखणाऱ्या किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांना खेकडापालन, कालवांची शेती अशी कमाईची साधने द्यायची. सोंगदोतला डॉलर खाडीतल्या पिंजऱ्यापर्यंत यायला पाच कार्यालये पार करतो. वेळ जातो, पण अनुदान असल्याने तो परत करावा लागत नाही.

कर्जाचे तसे नाही. मराठवाडा-विदर्भात ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात, त्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचे कर्ज दिले. बँक देते केंद्र सरकारला, केंद्र सोपवते राज्याला, परतफेडीचा भार राज्यावर. आणि अशा बँकांच्या कर्जाचा मोठा हिस्साही श्रीमंत देशांनी केलेल्या ‘मदती’च्या बेरजेत धरला जातो. आपण फेडायचे आणि नाव त्यांचे, ही विकसनशील देशांची जुनी तक्रार आहे. मला ती रास्त वाटते.

गावातला अर्ज

पोकराच्या पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतली पाच हजारांहून अधिक गावे होती : मराठवाडा, विदर्भाचे काही जिल्हे आणि जळगाव. गावात काम कसे चाले, ते क्रमाने पाहू.

आधी ग्राम कृषी संजीवनी समिती, सरपंच तिचा अध्यक्ष. मग गावाचे सूक्ष्म नियोजन : शिवार फेरी आणि पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पावसाने किती दिले, पिकांनी किती प्यायले, तूट किती. या ताळेबंदात काही ठिकाणी कागदावरच पाणी वाढवले जाते. तसे झाले की पुढची सगळी कामे चुकीच्या पायावर उभी राहतात.

मग शेतकरी ठिबक, शेडनेट, फळबाग, शेततळे यांसाठी पोर्टलवर अर्ज करतो. समिती मान्यता देते, त्यानंतर कृषी विभागाची पूर्वसंमती मिळते. पूर्वसंमती म्हणजे खरेदीआधीची लेखी परवानगी. तिच्या आधी माल आणला आणि बिलावर जुनी तारीख पडली, की अनुदान गेले. सर्वाधिक अर्ज अशाच साध्या कारणांनी अडकतात. सातबाऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, बँक खाते आधारशी जोडलेले नाही, हीदेखील नेहमीचीच. अर्जाच्या आधी एक दिवस तलाठ्याकडे आणि बँकेत घालवावा, पुढचे हेलपाटे वाचतात.

पूर्वसंमती मिळाली की काम स्वखर्चाने करायचे. कृषी सहायक येऊन मोजमाप घेतो, जागेच्या नोंदीसह फोटो काढतो, आणि मग अनुदान खात्यात जमा होते. खरी मेख या क्रमात आहे. शेडनेटला काही लाख रुपये लागतात. आधी खर्च, मग अनुदान, त्यामुळे ज्याच्या गाठीला पैसा आहे किंवा ज्याला सावकार उभा करतो, तोच पुढे जातो. दुष्काळाने ज्याला सर्वाधिक झोडपले, तो कोरडवाहू शेतकरी बहुधा रुंद सरी-वरंब्यावर सोयाबीन पेरण्यासारख्या कमी खर्चाच्या गोष्टींवर थांबतो. ही पद्धतही पाणी धरून ठेवते आणि पाऊस ओढ देतो तेव्हा पीक तगवते, म्हणून तिला कमी लेखू नये. पण अनुदानाच्या रकमेत तिचा वाटा फार दिसत नाही.

हिशेब परत वर

खाली जे झाले ते वर कळवावे लागते. प्रत्येक देश संयुक्त राष्ट्रांकडे ठरावीक काळाने अहवाल देतो. भारताने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात उत्सर्जनाची तीव्रता ३६ टक्क्यांनी उतरली. सगळ्या देशांची एकत्र उजळणी दर पाच वर्षांनी होते. पहिली २०२३ मध्ये दुबईला झाली, पुढची २०२८ मध्ये आहे.

बेरीज करताना एक चूक टाळावी. मुंबईने वाचवलेला टन महाराष्ट्राच्या आकड्यात असतो आणि भारताच्याही. तो तीनदा मोजायचा नसतो. शहरांच्या घोषणा राष्ट्रीय वचनात मिळवून ‘एवढे जास्त होणार’ असे मांडणाऱ्या तक्त्यांकडे म्हणून सावधपणे पाहावे.

दुबईतच ‘चॅम्प’ नावाच्या जाहीरनाम्यावर ७० हून अधिक देशांनी संमती दिली : पुढचे राष्ट्रीय वचन लिहिताना राज्ये आणि शहरे यांनाही सोबत बसवू, असा त्याचा आशय. आपल्याकडे यातले काय होते ते पाहायचे असेल तर तीन कागद मागावेत : पालिकेचा हवामान अंदाजपत्रक अहवाल, राज्याचा कृती आराखडा आणि गावच्या समितीचे इतिवृत्त. पहिले दोन संकेतस्थळावर मिळतात. तिसरे ग्रामपंचायतीत मागावे लागते, आणि हवे तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.